चातुर्मासात न चालणारी कॅप्सूल

शालूताईचं औषध सुरू झालं तेव्हा आमच्या घरात त्या लाल कॅप्सूलचं फार कौतुक होतं. तोवर पांढुर्ण्यात क्षय म्हणजे सुया. माणूस दीड-दोन वर्षं सुया टोचून घ्यायचा, थोडं बरं वाटलं की कंटाळून सोडून द्यायचा, आणि मग एक दिवस सकाळी त्याच्या दारासमोर माणसं जमायची. नागपूरच्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं होतं की आता ते दिवस गेले, नवं औषध आलं आहे, वर्षाच्या आत मुलगी हिंडूफिरू लागेल. फक्त मध्ये खंड पडता कामा नये. बाबा तहसील कचेरीत बाबू होते. साहेबाचा हुकूम असावा तसं त्यांनी ते वाक्य घरी आल्यावर पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. ताई लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला सौंसरहून माहेरी आली होती ती काठीसारखी होऊन. संध्याकाळी ताप, रात्री घाम, आणि तो खोकला. तिच्या सासरी त्याला 'थंडी लागली' म्हणत होते.

सकाळी उपाशीपोटी कॅप्सूल घ्यायची असे. घरामागे कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजला की आई फुलपात्रात पाणी घेऊन यायची आणि ताई अंथरुणातच उठून बसायची. संत्र्याचा हंगाम होता. शेजारच्या आवारात माल भरायच्या पेट्या ठोकणं उजाडल्यापासून सुरू व्हायचं, त्या ठोकाठोकीत स्टेशनावरून निघालेल्या मालगाडीची शिटीही बुडून जायची, आणि सगळ्या गल्लीला भाताच्या तणसाचा आणि सालींचा वास असायचा. पहिल्याच दिवशी आई मोरीतून किंचाळत बाहेर आली होती.

"अवं माय! रक्त जाऊन राहिलं पोरीचं!"

"रक्त नाही ते," बाबा दाढीचा ब्रश हातात धरून म्हणाले, "लघवीले औषधाचा रंग आहे. डॉक्टरनं सांगतलं होतं, मीच इसरलो तुले सांगाले."

ताई मोरीच्या दारात उभी राहून हसली. कितीतरी महिन्यांनी ती अशी हसली होती. "आई, फिकर नको करू वं. संत्र्याच्या गावची पोट्टी आहे मी. दुसरा रंग येईन कुठून?"

ती अशीच होती. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि घरात जे काही थोडं हसू होतं ते तिच्यामुळे. मी पुस्तकात डोकं घालून बसणारी, घुमी. वाचनालयातून मी आणलेल्या कादंबऱ्या ती मला मोठ्यानं वाचायला लावायची आणि नायिकेनं मूर्खपणा केला की सुपारी कातरता कातरता तिला नावं ठेवायची. "इले सांग, घरी जाय म्हणा." त्या हिवाळ्यात आईनं तिला तुपातले डिंकाचे लाडू, ज्वारीची ऊन भाकर, आंबाडीची भाजी, वर तेलाची धार, असं खाऊ घातलं. ताप गेला. खोकला गेला. होळीच्या सुमाराला तिच्या बांगड्या मनगटातून गळायच्या थांबल्या. जेठ महिन्यात तिचे यजमान, आमचे भाऊजी, तिला न्यायला आले, आणि बाबांनी उरलेल्या महिन्यांची औषधं एका डब्यात भरून दिली. लाल कॅप्सूल आणि लहान पांढऱ्या गोळ्या. दोन्ही रोज, एकही दिवस न चुकता. बाबांनी तो हुकूम भाऊजींनाही ऐकवला. भाऊजींनी मान डोलावली. ते सौंसरला हायस्कुलात विज्ञान शिकवत. त्यांच्यासारखा शिकलेला जावई मिळाला म्हणून बाबा चारचौघांत छाती काढून बोलत.

भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी सौंसरला गेले. ताईच्या सासूबाई द्वारकाबाई, मी त्यांना मावशी म्हणत असे, फार कडक माणूस. घर आरशासारखं स्वच्छ. चातुर्मास पाळायचा तर असा, की गल्लीतल्या बायका त्यांना विचारून वांगं बंद करायच्या. आषाढात त्यांच्या घरातला कांदा-लसूण माजघरातून बाहेर जाई आणि ओसरीवर आढ्याला टांगलेल्या टोपलीत पडून राही; कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की ती टोपली खाली उतरायची. मी दुपारी ओसरीवर वाचत बसले होते. वर सहज पाहिलं तर टोपलीच्या काठातून काहीतरी चकाकत होतं. स्टूल घेऊन चढले. कांद्यांवर, लसणाच्या गड्ड्यांवर, ताईच्या कॅप्सूलच्या पट्ट्या नीट रचून ठेवल्या होत्या.

"उतर खाली, पडशीन," मावशी दारातून म्हणाल्या. जराही ओशाळल्या नाहीत. "ते कापसूल हाडाची असते म्हणे. वरचं टरफल. प्रवचनात महाराजांनी सांगतलं. कांदा चालत नाही आमच्या घरी चातुर्मासात, तं हाड कसं चालीन? पांढरी गोळी देऊन राहिलो न आपण. हे कार्तिकात सुरू करू."

महाराजांची माहिती खरी होती, हे मला पुढे कळलं. टरफल जनावराच्या हाडाकातड्यापासूनच करतात.

ताईला मी मागच्या अंगणात गाठलं. ती भांडी घासत होती. "मले बरं वाटून राहिलं वं निमा," ती म्हणाली. "पाहाय, गाल आले. तू बाबाले सांगू नको. इथं मले राहाचं आहे." मी बाबांना सांगणारच, हे तिला ठाऊक होतं. तिनं राख लावलेला हात माझ्या नाकाला पुसला आणि पुन्हा घासायला लागली.

भाऊजी मला बसपर्यंत पोचवायला आले. वाटेत त्यांनी भाजलेल्या शेंगांचा पुडा घेतला आणि माझ्या हातात दिला.

"भाऊजी, ताईची कॅप्सूल बंद आहे. तुमाले मालूम आहे?"

"मालूम आहे न."

"मग?"

"पांढरी गोळी चालू आहे. तेही टीबीचीच आहे. आता चार महिन्यासाठी आईच्या तोंडाले कोण लागन? तुले नाही समजत. सासरी गेली का समजन."

"डॉक्टरनं खंड पाडू नका म्हणून सांगतलं होतं."

ते हसले. "मी सायन्स शिकवतो, बापा. आठवीले जंतूचा धडा आहे, तो मीच शिकवतो. आन तू मले शिकवून राहिली?"

बस सुटल्यावर मी तो पुडा खिडकीतून बाहेर टाकला.

बाबा पुढच्याच रविवारी सौंसरला गेले. ओसरीवर बसवून त्यांना चहा मिळाला. सासूसमोर ताईनं सांगितलं, मी बरी आहे. भाऊजी म्हणाले, मी पाहतो. बाबा परत आले ते या 'मी पाहतो'वर भिस्त ठेवून. कार्तिक आला, टोपली उतरली, कांदेभजी झाली. पण तोवर ताईचे गाल इतके भरले होते की कॅप्सूल पुन्हा सुरू करायची गरजच त्या घरात कोणाला वाटली नाही.

संक्रांतीनंतर खोकला परत आला. त्यांनी तिला आमच्याकडे आणून सोडलं. बाबा आणि मी तिला नागपूरला घेऊन गेलो. भाऊजींना परीक्षांचं काम होतं. ते तेव्हा आले नाहीत, नंतरही एकदाही आले नाहीत. पुढे जे घडलं ते या एका गोष्टीवरून घडलं, म्हणून ती इथं मुद्दाम लिहिते. डॉक्टरांनी जुने कागद पाहिले, मग आम्हाला सगळं नीट विचारलं, आणि टोपलीची गोष्ट ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते ओरडले नाहीत. मी कॉलेजात जाते हे कळल्यावर मला उद्देशून, सावकाश बोलले. ही औषधं जोडीनंच द्यायची असतात. एकटी पांढरी गोळी दिली की पुष्कळ जंतू मरतात, म्हणून रोग्याला बरंही वाटतं. पण त्यातले जे थोडे त्या गोळीला मुळीच जुमानत नाहीत, त्यांना मारणारं दुसरं काही उरत नाही. मग तेच वाढतात आणि छातीभर तेच होतात. "त्या गोळीचा आता हिला उपयोग नाही," ते म्हणाले. "आणि हिच्यापासून दुसऱ्या कोणाला हा रोग लागला, तर त्यालाही नाही."

औषध बदललं, पण उशीर झाला होता. चैत्रात एका दुपारी आई शेवयांसारखे सरगुंडे वळत असताना ताईला ढास लागली आणि तोंडातून रक्त आलं. या वेळचं खरंच रक्त होतं. आई परातीपासून उठली तेव्हा तिच्या बोटांना कणीक तशीच होती. ती कणीक ताईच्या गालाला लागली होती, आणि तिला न्यायच्या वेळी शेजारच्या बाईनं ती पदरानं पुसली.

तेराव्याला सौंसरची माणसं आली, आणि जेवून उठताना द्वारकाबाई आमच्या गल्लीतल्या बायकांना म्हणाल्या, "काय करता बाई, बीमार पोरगी गळ्यात मारली आमच्या. माहेरूनच घेऊन आली होती." भाऊजी शेजारी उभे होते. ते चपलेचा अंगठा नीट करत होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. भाऊजींनी एकदा, लोकांसमोर, आपल्या तोंडानं सांगावं की शालूचं औषध आमच्या घरी बंद झालं आणि मला ते माहीत होतं. द्वारकाबाईंवर माझा राग होता, पण त्या निदान मानत तरी होत्या. हा माणूस काहीच मानत नव्हता. त्याला फक्त घरात आवाज व्हायला नको होता, आणि तेवढ्या शांततेसाठी त्यानं माझी बहीण दिली. ते मरावेत असं मला कधी वाटलं नाही. ते मेले असते तर लोकांनी दोघांची जोडीनं हळहळ केली असती, आणि मला ते चाललं नसतं.

संधी दुसऱ्या वर्षीच्या जेठात आली. भाऊजी एकटेच, आंब्यांची करंडी घेऊन, आमच्या दारात उभे राहिले. जावई म्हणून आईनं सवयीनं पाट मांडला, रस काढला, कुरडया तळल्या. बाबा त्यांच्याजवळ बसले. दोन घास खाल्ल्यावर त्यांनी विषय काढला. बोरगावचं स्थळ आलं होतं. मुलगी मॅट्रिक. मुलीकडची माणसं आषाढी एकादशीच्या आत घर पाहायला सौंसरला येणार होती, मग साक्षगंध, आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्न.

"चौकशीले ते इथंही येतीन," ते ताटाकडे पाहत बाबांना म्हणाले. "तुम्ही जरा... झालं ते झालं. मागचं काढून काय फायदा?"

 ताई गेल्यापासून बाबा फारसं बोलतच नसत. मी वाढायला वाकले, आणि त्याच वेळी भाऊजींना खोकला आला. तोंडावर रुमाल धरून ते बराच वेळ खोकत राहिले. सदऱ्याच्या खिशात कॅप्सूलची पट्टी होती. तिची लाल टोकं पातळ कापडातून दिसत होती.

"किती दिवसांपासून घेऊन राहिले, भाऊजी?" मी विचारलं.

 आईच्या हातातली पळी वाटीवर तशीच राहिली.

"झाले दोनेक महिने," ते शेवटी म्हणाले. "छिंदवाड्याच्या एका डॉक्टरपासून आणतो. आईलेही माहीत नाही. आधी एकदम बरं वाटलं. आता पुन्हा संध्याकाळचं अंग तापते."

"लाल कॅप्सूल आन पांढरी गोळी?"

"हो."

"घरात कोणाले झाला होता काय, असं त्या डॉक्टरनं विचारलं असन."

"विचारलं."

"तुम्ही काय सांगतलं?"

त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं. मग म्हणाले, "कोणालेच नाही म्हणून सांगतलं. सौंसरचे लोक जातात त्याच्याकडे. बोभाटा झाला असता."

मी हे लिहिते आहे तेव्हाही मला तो क्षण तसाच आठवतो. माझ्या हातात आमरसाचं पातेलं होतं. नागपूरच्या डॉक्टरांचे शब्द मला पाठ होते. यांना ते ठाऊक नव्हते, कारण हे कधी नागपूरला आलेच नव्हते. त्यांच्या छातीत होते ते माझ्या ताईच्या छातीतले जंतू, त्यांच्याच ओसरीवरच्या टोपलीखाली तयार झालेले. आणि हा माणूस, एक खोटं सांगून, त्यांच्यावर न चालणारी गोळी रोज गिळत होता, म्हणजे लाल कॅप्सूलही एकटीच पडली होती.

"तुमच्या औषधात एक चूक आहे," मी म्हणाले. "असंच चालू ठेवलं तर तुम्ही ताईच्या वाटेनं जासान. ती चूक काय आहे ते मले मालूम आहे."

"काय आहे?"

"सांगीन. बोरगावचे लोक तुमच्या घरी येतीन त्या दिवशी मीही येईन. त्यांच्यासमोर आन मावशीसमोर तुम्ही सांगाचं. कॅप्सूल कोणं बंद केली, तुमाले मालूम होतं का नव्हतं, आन आता तुमच्या खिशात काय आहे. तुमचं झालं का मग मी सांगीन."

"निमा!" बाबा म्हणाले. "माणसाच्या जिवाशी असं करतात काय?"

"ताईच्या जिवाचं काय झालं, बाबा? तुमाले तिथं चहा पाजला होता त्यानं."

भाऊजींचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मी दुसऱ्या डॉक्टरले विचारीन."

"विचारा. नागपूरला जा. पण तिथंही आधी खरंच सांगा लागन. न सांगता तुमाले कोणीच बरं करू शकत नाही. आन न सांगता राह्यले, तर बोरगावचे लोक इथं येतीन तेव्हा मीच सांगणार आहे. मग लग्नही नाही आन औषधही नाही."

ते चपला घालून निघून गेले. करंडी आईनं कामवाल्या बाईला देऊन टाकली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत आणि पुढचे काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आईनं मात्र मला एकटीला गाठून विचारलं, "तो बोलन काय वं?" तिच्या आवाजात जे होतं ते माझ्याही मनात होतं. मी म्हटलं, बोलेल. त्याला जीव प्यारा आहे.

सौंसरच्या त्या बैठकीत चना-पोहे होते. मुलीचे वडील, तिचे मामा आणि गावचे एक वयस्क गृहस्थ सतरंजीवर बसले होते. मला दारात पाहून द्वारकाबाईंच्या कपाळाला आठी पडली, पण पाहुण्यांसमोर त्या म्हणाल्या, "पहिलीची बहीण आहे. येणंजाणं आहे अजून. आम्ही काही तोडलं नाही." मी भिंतीला टेकून बसले. पाहुण्यांनी विहीर पाहिली, संत्र्याची झाडं किती ते विचारलं. मग मुलीच्या वडिलांनी हळूच पहिलीचा विषय काढला, आणि द्वारकाबाईंनी ती नेहमीची कॅसेट लावली: नशीब, बीमारी, माहेरूनच. भाऊजी पोह्यांतले चणे बोटानं बाजूला करत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

"माहेरून नाही," ते म्हणाले.

"काय?" द्वारकाबाई म्हणाल्या.

"बीमारी माहेरून नाही आणली तिनं. इथंच झाली. तिकडे जाऊन ते बरी होऊन आली होती. चातुर्मासात आईनं कॅप्सूल बंद केली, कांद्याच्या टोपलीत ठेवली. म्हणून परत झाली. म्हणून गेली."

मुलीच्या वडिलांनी ताटली खाली ठेवली. "आन तुमाले मालूम होतं, मास्तर?"

"होतं."

"तुम्ही काही बोलले नाही?"

"नाही."

"कावून?"

 मी वाट पाहत होते. मलाही ते ऐकायचं होतं. भाऊजींनी खिशातून पट्टी काढून सतरंजीवर ठेवली आणि म्हणाले, "आता मले आहे."

मामा आधी उठले. मग वडील. दाराकडे जाताना ते माझ्यापाशी थांबले, हात जोडले, आणि गेले. बैलगाडी वळल्याचा आवाज आला. मग द्वारकाबाई माझ्या अंगावर धावल्या. "नासवलं घर माझं! भरलं पोट तुझं?"

"नाही," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. मग भाऊजींकडे वळून मी माझा शब्द पाळला. पांढरी गोळी का चालत नाही, नागपूरला कोणत्या डॉक्टरांकडे जायचं, ताईचं नाव आणि साल सांगून तिचे कागद काढायला कसं सांगायचं, सगळं सांगितलं. मी ते पाठ म्हटल्यासारखं म्हटलं, आणि पाणीही न पिता निघाले.

ते गेले नागपूरला. औषध बदललं. लाल कॅप्सूल राहिली, तिच्या जोडीला दुसरी आली. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले, हे मला बाबांकडून कळलं. बाबांना त्याचा आनंद झाला होता. मी तो आनंद त्यांच्याजवळ राहू दिला.

श्रावणात मी पुन्हा सौंसरला गेले. कोणी बोलावलं नव्हतं. मला फक्त ती टोपली पाहायची होती. मनाशी धरून चालले होते की पट्ट्या पुन्हा कांद्यावर असतील, आणि म्हातारीच्या नेमापुढे हा माणूस पुन्हा गप्प बसला असेल. या वेळी मी कोणाला काही सांगणार नव्हते. स्टुलावरून उतरून, तशीच बसमध्ये बसून परत येणार होते.

टोपलीत कांदेच होते. माजघरातून पूजेची घंटा वाजली. थोड्या वेळानं द्वारकाबाई ओल्या लुगड्यानं बाहेर आल्या, हात धुतले, देवळीतून पट्टी काढली, तिच्यातून एक कॅप्सूल सोडवून घेतली आणि ओसरीवर बसलेल्या मुलाच्या तळहातावर ठेवली. तो गिळेपर्यंत तांब्या धरून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. फार वाळल्या होत्या. मला पाहिलं तरी ओरडल्या नाहीत.

"मावशी, हे हाडाची आहे न?" मी विचारलं.

"आहे."

"चातुर्मास आहे न?"

"आहे." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "त्याचं पाप मी घेतलं. महाराजाले विचारलं, तं त्यानं सांगतलं, आईनं एक वेळ जेवाचं, मग पोराले दोष लागत नाही. एक वेळच जेवून राहिली मी."

मी विचारलं, "असं करता येते, हे तुमाले तेव्हा मालूम नव्हतं?"

"मालूम होतं न," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, कुचेष्टाही नव्हती. एखाद्या लहान मुलीला समजावून सांगावं तसं म्हणाल्या, "पण सुनेसाठी कोण एक वेळ जेवते, बाई?"

भाऊजी तिथंच बसले होते. त्यांनी ते ऐकलं. ते याही वेळी काही बोलले नाहीत.

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यापासून डोळे चालतील तेवढं वाचते. पांढुर्णा आता जिल्हा झाला आहे. क्षयाचं औषध सरकार घरपोच देतं. कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालत नाही हे म्हणे थुंकी यंत्रात घालून काही तासांत कळतं. ज्या क्षयापुढे पूर्वी डॉक्टर हात टेकत, त्यालाही सुईशिवाय सहा महिन्यांत बरं करणाऱ्या गोळ्या संशोधकांनी शोधल्या आहेत. अशी बातमी आली की शेजारची मुलं मला आणून दाखवतात, कारण मला त्यात रस आहे हे त्यांना ठाऊक आहे. मी वाचते, आणि ज्यांनी हे शोधून काढलं त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. पण बातमीत एक गोष्ट कधीच नसते: ती गोळी घरात आल्यावर कोणाच्या हातात पडते, आणि ज्याला ती द्यायची आहे त्याच्यासाठी त्या घरात कोणी एक वेळ उपाशी राहील का.

भाऊजी बरे झाले. मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले, आणि त्यांच्या निरोप समारंभात त्यांच्या शांत स्वभावाविषयी बरंच बोललं गेलं, असं मला एकानं कौतुकानं सांगितलं. द्वारकाबाई पिकल्या वयात गेल्या. वय झालं की राग उतरतो म्हणतात. मी वाट पाहिली, माझा उतरला नाही, आणि उतरावा अशी आता इच्छाही नाही. या आठवणी लिहिताना मी पुष्कळांची नावं बदलली आहेत. त्यांची मुलं-नातवंडं आहेत, कोणाला लाज वाटायला नको. दोन नावं मात्र मी बदललेली नाहीत. द्वारकाबाई, आणि त्यांचा मुलगा प्रभाकर.